हाडांतून येणारा शब्द

पहांटे प्राणायामास बसणाऱ्या वाचकांपैकीं पुष्कळांस भ्रामरीचा परिचय असेल. दोन्ही कानांचीं दारें अंगठ्यांनीं मिटावयाचीं, ओंठ मिटावयाचे आणि भुंग्याप्रमाणें गुंजारव करावयाचा, इतकाच तो विधि. यांत एक मौज आहे, ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. कान उघडे ठेवून तोच गुंजारव केला तर तो मंद भासतो. कान बंद केले कीं तो एकदम घुमूं लागतो. वस्तुतः कान बंद केल्यावर आवाज कमी ऐकूं यावयास पाहिजे. तो वाढतो याचें कारण असें कीं, हा नाद बाहेरून हवेच्या वाटेनें आलेलाच नसतो. कंठांत उठलेला कंप जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून थेट कानाच्या आंतल्या कोठडींत पोहोंचतो. आणि बाहेरचें दार लावून घेतलें म्हणजे जो नाद एरव्हीं त्या दारानें निसटून जावयाचा तो आंतच कोंडला जातो. शंका असल्यास वाचकांनीं हें पान क्षणभर खालीं ठेवून करून पहावें. घरांतील मुलांनाही दाखवावें.

आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला म्हणजे तो परक्याचा वाटतो, ही नित्याची तक्रारही याच जातीची. दुसरे लोक आपला आवाज केवळ हवेंतून ऐकतात. आपण मात्र तो हवेंतून आणि हाडांतून असा दुहेरी ऐकतों. यंत्र त्यांतील एकच वाट टिपून घेतें, म्हणून खर्जाचा भरदारपणा हरवल्यासारखा होतो. मूळचे हंगेरीचे शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनीं या अस्थिवहनाचा कसून अभ्यास केला होता. आंतल्या कानाचें कार्य कसें चालतें याविषयींच्या संशोधनाबद्दल त्यांना १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा विषय आज काढण्याचें निमित्त असें. इंदापूर तालुक्यांतील एका परिचित घरीं कन्यारत्न झालें. घर एकत्र, सुशिक्षित, शेतीवाडी आणि नोकरी दोन्ही सांभाळणारें. कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचा लक्ष्मीनृसिंह. मुलगी गुटगुटीत, हसरी. पण उजव्या कानाच्या जागीं शेंगदाण्याएवढी मांसाची घडी, डाव्या कानाची पाळी अर्धवट वळलेली, आणि कानाचें भोंक दोन्ही बाजूंस नाहीं. मुलीचा बाप माझा एके काळचा विद्यार्थी असल्यामुळें मला मुद्दाम बोलावणें आलें. मी गेलों तेव्हां घरांत दोन मतें होतीं. आजी म्हणत होत्या कीं, सूनबाईनें ग्रहण पाळलें नाहीं, त्या वेळीं विळीला हात लावला असेल, त्याचें हें फळ. आत्याबाई म्हणत होत्या, "अहो, कान दिसायचे तेवढे नाहींत, ऐकूं येतंय कीं तिला! ताट पडलं तर केवढी दचकते. मोठी झाली कीं पुण्याला नेऊन कान करून घेऊं, लग्नाच्या आधीं." सूनबाई कांहींच बोलत नव्हत्या. मुलीच्या आजोबांनीं मात्र नेमका प्रश्न केला: "गुरुजी, हिला शाळेंत घालतां येईल कीं नाहीं, एवढं सांगा."

प्रथम ताटाविषयीं, कारण हा भ्रम घरोघर आहे. कानाचें दार बंद असणाऱ्या मुलास जो तोटा होतो तो साधारणपणें पन्नास ते साठ डेसिबल इतका असतो. आपलें साधें संभाषण साठाच्या आसपास. म्हणजे माणसें बोलतात ती अशा मुलाच्या दृष्टीनें केवळ कुजबूज असते, किंवा तीही नसते. फरशीवर पडलेलें ताट, कुकरची शिटी, आषाढांत सराटीच्या वाटेनें जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीपुढचे टाळ-मृदंग हे आवाज साठाच्या कितीतरी वर असल्यामुळें त्या बंद दारांतूनही आंत शिरतात. मूल दचकतें, घरचीं माणसें निश्चिंत होतात. आणि ज्या आवाजांनीं भाषा शिकावयाची ते आईचे हळू बोललेले शब्द, अंगाई, थोरल्या भावंडांची बडबड हीं सारीं बाहेरच राहतात. दचकणें म्हणजे ऐकणें नव्हे. दोन वर्षांनीं "बोलायला उशीर लागतो आहे, याचे वडीलही उशिरांच बोलले होते" असें समाधान करून घेण्यांत येतें, आणि शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो.

आतां ग्रहणाविषयीं. बाह्य कानाची घडण गर्भाच्या सुमारें सहाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि तिचा मुख्य भाग तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उरकलेला असतो. त्या आरंभींच्या दिवसांत पुष्कळ वेळां गर्भिणीस स्वतःसही आपल्या अवस्थेची नीट खात्री झालेली नसते. मग तिनें पाळावयाचें तें काय, आणि मोडावयाचें तें काय? सूर्यचंद्रांच्या छायेचा आणि विळीचा या घडणीशीं कांहींएक संबंध नाहीं. बहुतेक वेळां असें कां घडतें याचें निश्चित कारण एकाच मुलापुरतें दाखवितां येत नाहीं. पण आईच्या हातून कांहीं चुकलें म्हणून नव्हे, एवढें नक्की सांगतां येतें. हें मी आजींच्या समोर, सूनबाईंना ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगितलें. धर्मशास्त्राचीं चार पानें मीही चाळलीं आहेत. गरोदर स्त्रीस अपराधी ठरविण्यासाठीं तीं लिहिलेलीं नाहींत.

याच गर्भघडणींत अशा मुलांच्या आशेचें बीज आहे. बाहेरचा कान, कानाचें भोंक आणि मधल्या कानांतील हातोडी, ऐरण व रिकीब हीं तीन चिमुकलीं हाडें गर्भाच्या एका भागापासून बनतात. शंखासारखा वळलेला आंतला कान आणि त्याची नस हीं अगदीं निराळ्या अंकुरापासून. त्यामुळें बाहेरचें बांधकाम अर्धवट राहिलें तरी आंतलें देवघर पुष्कळदां सुस्थितींत असतें. आमचे नैयायिक म्हणत कीं, शब्द हा आकाशाचा गुण आणि कानाच्या पोकळीनें मर्यादित झालेलें आकाश तेंच श्रोत्र. शब्द पसरतो कसा, पाण्यावरील लाटांसारखा एकामागून एक कीं कदंबाच्या कळ्यांसारखा एकदम सर्व बाजूंनीं, यावरही त्यांनीं वाद घातले. वाद मोठे रसाळ आहेत. पण जेथें ती पोकळीच नाहीं तेथें शब्द पोहोंचावा कसा, या प्रश्नास आकाशाकडे उत्तर नाहीं. तें पृथ्वीकडे, म्हणजे हाडाकडे आहे.

आणि येथें व्याकरणही मदतीस येतें. 'बधिर' हा शब्द वैयाकरण 'बन्ध्' या धातूपासून साधतात. बधिर म्हणजे बांधला गेलेला. रोजच्या बोलण्यांत आपण बहिरेपणा हा एकच रोग समजतों. वस्तुतः त्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. एकांत वाट बांधली गेलेली असते: भोंक नाहीं, पडदा फाटला, हाडांची साखळी तुटली किंवा आखडली. दुसऱ्यांत वाट मोकळी असते, पण आंतला शंख किंवा नस निकामी होते. पहिल्यास वहनदोष म्हणावें, दुसऱ्यास ग्रहणदोष. हे दोन्ही एकत्रही असूं शकतात. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग गणले आहेत आणि तुटलेली पाळी सांधण्याची कृति सूत्रस्थानांत दिली आहे. म्हणजे कानाचें रूप आणि कानाचें काम यांचा विचार त्यानेंही निरनिराळ्या ठिकाणीं केला. आपल्या घरांतून मात्र रूपाचीच चिंता अगोदर होते.

दोन प्रकारांतील भेद ओळखण्याची युक्ति फार जुनी व सोपी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत नादकांटा असतो. तो वाजवून त्याचें बूड कानामागच्या हाडावर टेंकवावें, आणि मग त्याचे दांडे कानासमोर धरावे. निरोगी माणसास तो कानासमोर अधिक चांगला ऐकूं येतो. ज्याची वाट बांधली गेली आहे त्यास हाडावर अधिक ऐकूं येतो. जर्मन वैद्य रिने यांनीं ही परीक्षा १८५५ सालीं सांगितली. आजही कानाचे डॉक्टर खिशांतून नादकांटा काढून प्रथम तीच करतात.

हाडांतून ऐकतां येतें हें ज्ञान त्याहूनही जुनें. सोळाव्या शतकांत इटलींतील कार्दानो या विद्वानानें दांतांत धरलेल्या दांडीवाटे नाद पोहोंचतो असें लिहून ठेवलें. १८७९ च्या सुमारास अमेरिकेंत ऱ्होड्स नांवाच्या गृहस्थानें एक पंखा काढला. तो वरच्या दांतांना टेंकवून धरावयाचा, म्हणजे समोरच्याचें बोलणें पंख्यावर आदळून दांतांतून कवटींत जाई. सभ्य मंडळींत बसून पंखा दांतांत धरणें किती शोभे हा प्रश्न निराळा. पुढें विजेचीं यंत्रें आलीं, आणि कंप पावणारा ठोकळा स्प्रिंगच्या पट्टीनें कानामागें घट्ट दाबून धरण्याची रीत पडली. ती उपयोगी होती, परंतु कातडी दुखे, डोकें दुखे. शिवाय मधल्या मऊ मांसांत बराचसा कंप जिरून जाई.

अडचण होती ती हाडाला थेट हात घालण्याची, आणि ती सुटली एका सशामुळें. १९५२ सालीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पहात होते. त्यासाठीं हाडांत बसविलेलें टायटॅनियम धातूचें उपकरण काढावयास गेले, तों तें निघेना. हाडानें त्यास आपलेंच समजून मिठी मारली होती. या गुणाचा पहिला उपयोग दांत बसविण्याकडे झाला. १९६५ सालीं ब्रोनेमार्कांनीं पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत असे खुंट रोंवले. नंतर १९७७ सालीं गोथेनबर्ग येथें शेलस्ट्रॉम यांनीं कानामागच्या हाडांत तसाच खुंट बसवून त्यावर ऐकण्याचें यंत्र अडकविलें. आज ज्याला अस्थिवाहक श्रवण-इम्प्लांट म्हणतात त्याचा हा आरंभ.

त्याची रचना वाटते तितकी गूढ नाहीं. सुमारें चार मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू कानामागें कवटींत बसवितात. हाड त्यास धरून घेण्यास मोठ्या माणसांत साधारण तीन महिने लागतात, लहान मुलांत अधिक. मग बाहेरचें यंत्र त्यावर जोडावयाचें. तें हवेंतील आवाज टिपतें, त्याचा कंप करतें, आणि तो कंप स्क्रूवाटे कवटींत व तेथून आंतल्या शंखांत जातो. जुन्या पद्धतींत स्क्रूचें टोंक कातडीबाहेर राही, त्यामुळें तेथील स्वच्छता रोज पहावी लागे आणि कधीं कधीं जखम चिघळे. नव्या पद्धतींत कंप देणारा भागच कातडीखालीं पुरतात आणि बाहेरचें यंत्र लोहचुंबकानें केसांखालीं चिकटून राहतें. ऑस्ट्रियाच्या मेड-एल कंपनीचें बोनब्रिज २०१२ सालीं युरोपांत आलें तें या जातीचें. ऑस्ट्रेलियाच्या कॉक्लियर कंपनीचें ओसिया हें त्यानंतरचें.

येथें नामसादृश्यामुळें एक मोठा घोटाळा होतो. वर्तमानपत्रांतून ज्याविषयीं आपण वाचतों आणि ज्या शस्त्रक्रियांसाठीं मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचें नांव सर्वतोमुखी झालें (त्यांना २०१४ सालीं पद्मश्री मिळाली), तें कॉक्लियर इम्प्लांट निराळें. तें निकामी शंखाचें काम स्वतः करतें. शंखांत तार घालून नसेला विजेचे सूक्ष्म ठोके देतें. अस्थिवाहक यंत्र तसें कांहीं करीत नाहीं. तें फक्त बंद दारास वळसा घालून आंतल्या जाग्या घरमालकाला हांक मारतें. घरमालक जागा नसेल तर तें निरुपयोगी.

म्हणून वाळवंटांत पाणी शोधणाऱ्याप्रमाणें सर्वांनींच याच्या मागें लागूं नये. भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वर येथील साखर कारखान्यांत किंवा वालचंदनगरच्या यंत्रशाळेंत ज्यांचा जन्म धडधडाटांत गेला, त्यांच्या कानांतील जो भाग झिजतो तो आंतला. वार्धक्यानें येणारें बाधिर्यही बहुधा त्याच जातीचें. अशा आजोबांना साधें श्रवणयंत्र नीट बसवून घेणें हाच मार्ग, आणि तें कपाटांत न ठेवतां कानांत ठेवणें हा त्याचा उत्तरार्ध. (मिरवणुकींत भिंती हलविणाऱ्या ध्वनिक्षेपकांपुढें नाचणारी तरुण मंडळी तीच झीज फुकट विकत घेत आहेत, पण तो विषय आज नको.)

ज्यांना लाभ होतो असा आपल्या भागांतील दुसरा मोठा वर्ग म्हणजे कान वाहणाऱ्यांचा. लहानपणीं सर्दी कानांत उतरते, पडदा फुटतो, पू येऊं लागतो. मग कोणी कढविलेलें लसणीचें तेल ओततो, कोणी कापूस कोंबून ठेवतो, मुलें कालव्यांत पोहावयास जातात, आणि कान वर्षानुवर्षें वाहतो. अशांपैकीं बहुतेकांस औषधानें किंवा पडदा शिवून घेण्याच्या शस्त्रक्रियेनें बरें वाटतें, आणि तोच मार्ग आधीं. परंतु कांहींच्या कानांत हाड कोरून काढावें लागतें व मोठी पोकळी राहते. त्यांनीं साधें श्रवणयंत्र कानांत घातलें कीं हवा कोंडते आणि कान पुन्हां वाहूं लागतो. यंत्र घालावें तर कान वाहतो, काढावें तर ऐकूं येत नाहीं. अशा माणसाचें यंत्र कानाबाहेर, हाडावर असलें म्हणजे कान कोरडाही राहतो आणि ऐकूंही येतें.

तिसरा वर्ग एका कानाचा. याची गणना घरांत कोणी करीतच नाहीं. बारामतींत शिकवीत असतांना माझ्या वर्गांत एक मुलगा होता. शुद्धलेखन घालतांना मी वर्गांत येरझारा घालीत असें. मी त्याच्या डाव्या अंगास असलों म्हणजे त्याची वही निर्दोष. उजव्या अंगास गेलों कीं शब्दांचीं शेवटचीं अक्षरें गळत, 'वनांत' चें 'वना' होई. ज्या गांवीं मोरोपंतांनीं यमकांचे डोंगर रचले त्या गांवांत एका मुलाला शब्दाचें शेपूट ऐकूं येऊं नये! इतर शिक्षक त्याला धांदरट म्हणत. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, चौथ्या वर्षीं गालफुगी झाली होती आणि उजवा कान तेव्हांपासून गेला होता. घरच्यांना ठाऊक होतें. "दुसरा आहे ना चांगला" म्हणून कोणी बोललें नव्हतें. त्याला मी उजव्या भिंतीलगतच्या, पुढून दुसऱ्या बांकावर बसविलें, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहिला. खर्च कांहींच झाला नाहीं, वही सुधारली. अशा माणसाच्या बहिऱ्या बाजूस अस्थिवाहक यंत्र लावलें तर तिकडचा आवाज कवटींतून पलीकडच्या चांगल्या शंखाकडे जातो, कारण हाडाला डावें-उजवें समजत नाहीं. अमेरिकेंत या उपयोगास २००२ सालीं मान्यता मिळाली. मात्र आवाज कोणत्या दिशेनें आला हें ओळखण्याची शक्ति त्यानें परत येत नाहीं. रस्ता ओलांडतांना मान वळवावीच लागते.

आतां तान्ह्या मुलांचें. तान्ह्या कवटीचें हाड पातळ असतें, स्क्रू धरण्याजोगें नसतें. अमेरिकेंत तो पांच वर्षांखालीं बसवीत नाहींत. मग तोंवर थांबावयाचें काय? मुळींच नाहीं, आणि या लेखांतील सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. तेंच यंत्र एका मऊ, ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यावर बसवून तो डोक्याभोंवतीं बांधतां येतो. चीर नाहीं, टांका नाहीं, भूल नाहीं. तान्ह्या वयापासून चालतो. कातडीवरून जातांना कांहीं कंप जिरतो खरा, पण मुलांची कातडी पातळ, आणि भाषेचें बी पडावयास तेवढें पुरतें. या विषयांतील जाणत्यांचा साधा हिशेब असा आहे: पहिल्या महिन्यांत कानाची चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. कानाची पाळी बरगडीच्या कूर्चेपासून करण्याची शस्त्रक्रिया बहुधा आठ-दहा वर्षांच्या वयानंतर करतात. रूपासाठीं दहा वर्षें थांबणें रास्त आहे; शब्दासाठीं नाहीं. पुढें स्क्रू बसविण्याची वेळ आली म्हणजे पाळी करणाऱ्या शल्यविशारदास आधीं विचारावें. नाहींतर एकाच्या कामांत दुसऱ्याची जागा बिघडते.

तपासणी कोणती, हेंही सांगितलें पाहिजे. नवजात बालकांच्या कानांत नळी घालून करतात ती तपासणी भोंकच नसलेल्या मुलांत होऊं शकत नाहीं. अशा मुलांस 'बेरा' नांवाची, झोपेंत डोक्यास तारा लावून करावयाची तपासणी लागते, आणि ती करतांना ध्वनि हवेच्या वाटेनें तसाच हाडाच्या वाटेनेंही द्यावा असें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. दोन आकड्यांतील अंतर हाच सारा निवाडा. आतल्या कानाची शक्ति किती शिल्लक आहे त्यावर कोणतें यंत्र चालेल तें ठरतें. बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखविण्यासाठीं प्रथमच पुण्याची वाट धरण्याचें कारण उरलेलें नाहीं. अंगणवाड्या व शाळा यांतून मुलें तपासणारीं राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें येतात. या कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें झाला. जन्मतः बहिरेपणा हा त्यांच्या यादींतील विषय आहे. पथक आलें म्हणजे "आमचीं मुलें खाजगी डॉक्टरांकडे जातात" असें म्हणून दार लावून घेण्याची सुशिक्षितांची खोड बरी नव्हे. इम्प्लांटसाठीं मात्र पुण्या-मुंबईचीं मोठीं रुग्णालयेंच गांठावीं लागतात. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवची केंद्र सरकारची श्रवणसंस्था १९८३ पासून आहे.

पैशाची बाजू कडू आहे, पण ती सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. इम्प्लांटचा खर्च लाखांच्या घरांत जातो. केंद्र सरकारची साहाय्य योजना २०१४ पासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटचा भार उचलूं लागली, हें मोठेंच पुण्यकर्म. तिच्या भरंवशावर अस्थिवाहक यंत्रही आपोआप मिळेल असें मात्र कोणी गृहीत धरूं नये. दुसरें, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें श्रवणदोष ठरवितांना रेघ ओढली आहे ती दोन्ही कानांत साठ डेसिबलांवर: साठ ते सत्तर तो अल्पश्रवण, सत्तरापासून पुढें बधिर. आणि निव्वळ बंद दारामुळें होणारा तोटा वर सांगितल्याप्रमाणें साठाच्या आसपासच थांबतो! म्हणजे ज्या मुलीला दोन्ही कान नाहींत ती कायद्याच्या उंबरठ्यावर उभी. एखाद्या आंकड्यानें आंत, एखाद्या आंकड्यानें बाहेर. एककर्ण मुलास तर उंबरठाही नाहीं. कायदा करणाऱ्यांनीं मोठ्या दुःखास आधीं जागा दिली हें न्याय्य आहे. तरी ही रेघ एकदां पुन्हां तपासून पहावी असें मला वाटतें. पट्ट्यावरील यंत्राचा खर्च इम्प्लांटहून बराच कमी, आणि एकत्र कुटुंबाचा उपयोग अशा वेळीं नाहीं तर केव्हां? मुंजीच्या जेवणावळींतील दोन पंगती कमी झाल्या तर कोणाचें बिघडत नाहीं.

इंदापूरच्या त्या मुलीची तपासणी पुण्यास झाली. हवेच्या वाटेनें दोन्ही बाजूंस पंचावन्नाच्या पुढें, हाडाच्या वाटेनें जवळजवळ निर्दोष. आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें: शाळेंत अवश्य घालावें, इतर मुलांबरोबर, मराठी शाळेंत. पट्टा सातव्या महिन्यांत आला. पहिल्या दिवशीं ती रडली, कारण कुकर, कावळे, आत्याबाई हीं सारीं एकदम तिच्या डोक्यांत शिरलीं. हळूहळू आवाज वाढवीत न्यावा लागतो. आतां सूनबाई तिला मांडीवर घेऊन शुभंकरोति म्हणतात तेव्हां ती तोंडाकडे टक लावून पाहते, आणि आजी पट्ट्यासाठीं जुन्या पैठणीच्या काठाची खोळ शिवीत आहेत. ती खोळ यंत्रावर येतां कामा नये, नुसत्या पट्ट्यावरच असावी, एवढें मी त्यांना बजावून आलों.

पट्टा वापरणाऱ्यांसाठीं राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. तो अंघोळीपूर्वीं काढावा. ठोकळ्याची जागा मधून मधून बदलावी, म्हणजे कातडीवर वण पडत नाहीं. आणि तो इतका आवळूं नये कीं खालीं बोट शिरणार नाहीं. घरांत पांच माणसें एकदम बोलत असतील तर अशा मुलास कांहींच कळत नाहीं, म्हणून बोलावयाचें तें समोर बसून, एकानें. इम्प्लांट झालेल्या माणसानें एम.आर.आय. करण्यापूर्वीं डॉक्टरांना आवर्जून सांगावें. आणि यंत्राचे सेल बटनाएवढे असतात. लहान मूल तो गिळूं शकतें आणि तें जिवावर बेततें, तसें झाल्यास क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें. त्या घरीं सेलांची डबी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. तेथें मुलांचा हात पोहोंचत नाहीं, आणि पूजेस बसणाऱ्याला ती रोज सकाळीं दिसते.